कर्नलचे पाय

सोमवार, २ एप्रिल १९५६

आजपासून दोन डायऱ्या. एक इंग्रजीत, भटनागरसाहेबांना दर शनिवारी दिल्लीला पाठवायची. तिच्यात सगळं उत्तम असेल. दुसरी ही, माझ्यापुरती. हिच्यात जे असेल ते असेल.

साहेब सात आठवड्यांच्या कामगिरीवर दिल्लीला गेले, मेमसाहेब मसुरीला, आणि त्यांचा कुत्रा आज सकाळी मोटारीतून आमच्या दारात उतरला. अल्सेशियन आहे. नाव कर्नल. मागच्या आठवड्यात साहेबांनी सेक्शनमध्ये येऊन विचारलं, कुत्र्यांची आवड कोणाला आहे? मी ताबडतोब हात वर केला. मला लहानपणापासून कुत्र्यांची भीती वाटते. पण समोरच्या टेबलावर रमाकांतचाही हात हलताना दिसला, मग विचार करायला सवड कुठे होती? जूनमध्ये सुपरिंटेंडेंटची खुर्ची रिकामी होते आहे. तिच्यासाठी नावं दोनच, मी आणि रमाकांत, आणि शिफारस साहेब करणार. बावीस वर्षं मी मराठी वर्तमानपत्रं कातरून चिकटवतोय आणि वरच्यांसाठी त्यांची इंग्रजी भाषांतरं करतोय. ती खुर्ची मला हवी आहे. इथे लिहायला लाज कसली?

कुत्र्याबरोबर टाईप केलेल्या तीन पानं सूचना आल्या आहेत. कलम चार, पाणी उकळून गार केलेलं द्यावं. कलम सात, त्याच्याशी इंग्रजीत बोलावं. कलम अकरा, त्याला घरात एकटं कधीही सोडू नये.

सुनंदाला मी सगळं मराठी करून सांगितलं. ती म्हणाली, "अहो, पण मला दुपारी दुर्गाबाईंकडे पोथीला जायचं असतं. याला कुठे ठेवू?"

"घेऊन जा," मी म्हटलं. "बसेल कोपऱ्यात. चार चांगले शब्द कानांवर पडतील त्याच्या."

तिनं माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. "बरं. तुम्हीच सांगितलंत हं," म्हणाली.

दुर्गाबाई समोरच्याच चाळीत राहतात. जानेवारीच्या गोळीबारात त्यांचा मुलगा गुरुदत्त गेला. एकोणीस वर्षांचा होता. तेव्हापासून सुनंदा रोज दुपारी त्यांच्याजवळ असते. मी सरकारी नोकर, मी त्यांना भेटायला गेलो नाही. वाईट वाटलं, पण गेलो नाही.

शनिवार, ७ एप्रिल

कर्नल लंगडतोय. उजवा पुढचा पाय उचलून धरतो आणि मला बघून आणखीच उचलतो. सुनंदानं त्याला मांडीवर घेतलं आणि मी वडिलांचं भिंग घेऊन लांबूनच पाहिलं. पंजाच्या गादीला पैशाएवढा चट्टा, कातडं निघालेलं, आतून लालबुंद.

साहेब परत येऊन पहिलं काय करतील? कुत्र्याला म्हणतील, "शेक हँड." आणि तो हाच पाय पुढे करील.

घाबरून काम होत नाही, म्हणून एक फाइल उघडली. वर लिहिलं, 'कर्नल: पाय.' पुढचा उजवा तो पाय क्रमांक एक, पुढचा डावा दोन, मागचे तीन आणि चार. रोज सकाळी तपासणी, रोज शेरा. साहेबांच्या डायरीत लिहिलं, 'सर्व उत्तम.'

मंगळवार, १० एप्रिल

पाय क्रमांक एक, सुधारणा नाही. पाय क्रमांक तीन, नवीन चट्टा. बोटांच्या बेचक्यांत डांबर सापडलं! चांगल्या गोळ्या झाल्या होत्या. मी रॉकेल आणायला उठलो तर सुनंदा म्हणाली, "अहो, भाजेल त्याला. खोबरेल तेलानं निघतं हळूहळू." आणि खरोखरच निघालं. हे तिला कुठून ठाऊक, कोण जाणे.

"पण डांबर आलं कुठून?" मी विचारलं.

"गल्लीच्या तोंडाशी रस्त्याचं काम चाललंय ना."

ऑफिसला जाताना मुद्दाम पाहिलं. काम बिम काही नव्हतं, रस्ता जुनाच दिसत होता. म्हणजे करून गेलेसुद्धा. म्युनिसिपालटीचं काम इतक्या चटकन आटोपलेलं मी जन्मात पहिल्यांदाच पाहिलं.

गुरुवार, १२ एप्रिल

बोरिक पावडरीनं भागेना, म्हणून आज चारी पायांना मर्क्युरोक्रोम लावलं. सुनंदानं धरलं, मी काडीला कापूस गुंडाळून दोन हातांवरून लावलं. चारी पंजे लालभडक झाले. आरती ओवाळायला काढल्यासारखा दिसत होता.

खोबरेल तेलाची बाटली संपली. एवढ्या लौकर कशी संपली, विचारायला हवं.

शनिवार, १४ एप्रिल

ऑफिसात फार काम. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीच्या बातम्यांना ऊत आलाय. सत्याग्रहाच्या तुकड्या रोज फ्लोरा फाउंटनकडे जातात, पोलीस त्यांना गाडीत भरून कुठेतरी लांब नेऊन सोडतात, दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा हजर. हे सगळं मी भाषांतरित करतो आणि त्याच्या तीन प्रती निघतात.

आज एका सायंदैनिकात असं होतं: 'गिरगावच्या भगिनींच्या तुकडीच्या अग्रभागी एक मुका वीर चालत होता. मोती नावाच्या या श्वानाची चारी पावलं रक्तानं माखलेली होती, तरी तो मागे हटला नाही.'

मराठी वर्तमानपत्रांना अतिशयोक्तीची खोडच आहे. रक्तानं माखलेली चार पावलं घेऊन कुत्रा चालेल कसा? माझ्या घरात एका चट्ट्यानं लंगडणारा कुत्रा आहे, मला विचारा. तरी भाषांतर इमानानं केलं.

गुरुवार, १९ एप्रिल

रजा काढून कर्नलला परळच्या जनावरांच्या इस्पितळात नेलं. ट्राममध्ये कुत्रा घेत नाहीत, म्हणून घोड्याची व्हिक्टोरिया केली. मी एका टोकाला, तो दुसऱ्या टोकाला, मध्ये माझी छत्री.

लालबागला एक नवलच झालं. कर्नल एकदम बाकावर उभा राहिला आणि भुंकायला लागला. फुटपाथवरून बायका धावत आल्या. एकीनं त्याच्या तोंडात भाकरीचा तुकडा घातला. एक गिरणी कामगार व्हिक्टोरियाबरोबर पळत म्हणाला, "काय मोतीशेट, आज गाडीतून? पाय दुखूक लागले काय रे बाबा?" गिरणगावातल्या लोकांना मुक्या प्राण्यांचा एवढा लळा असेल असं मला वाटलं नव्हतं. नावही दिसेल त्या कुत्र्याला एकच लावतात.

डॉक्टर वयस्क होते. त्यांनी चारी पंजे दाबून पाहिले.

"रोज किती चालतो हा?"

"सकाळी गल्लीच्या तोंडापर्यंत आणि परत. दुपारी पोथी ऐकतो."

"तुमची गल्ली कुठवर जाते?"

"ठाकूरद्वारच्या रस्त्याला लागते."

डॉक्टरांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "हे पाय तापलेल्या डांबरावरून मैलोन् मैल चालल्याचे आहेत. भर उन्हात. कोमट मिठाच्या पाण्यानं धुवायचे, पुसून कोरडे करायचे, मलम लावून पट्टी. चाटू द्यायचं नाही. आणि चालणं बंद."

मी त्यांना नम्रपणे सांगितलं की निदान चुकतंय. ते म्हणाले, "असेल. मी पायच बघतो. पत्ता विचारत नाही."

सोमवार, २३ एप्रिल

शुक्रवारीच उपाय सापडला. बूट! आमच्या नाक्यावरचा दौलत चांभार हुशार माणूस आहे. मी फाइलमधलं पायांचं रेखाचित्र त्याला दाखवलं. तो म्हणाला, "मापाची गरज नाही साहेब, मोतीचे पाय मला ठाऊक आहेत."

"याचं नाव कर्नल आहे."

"बरं, कर्नल," तो म्हणाला आणि हसू दाबलं. मला आवडलं नाही.

बूट मात्र झकास झाले. तपकिरी चामडं, आत मऊ फ्लॅनेलचं अस्तर, वर बंद. कर्नलनं पहिले दोन दिवस ते घालून चिखलातून चालावं तसे पाय उचलले. आता सरावलाय. पोथीला निघाला की आपण होऊन पाय पुढे करतो.

शनिवार, २८ एप्रिल

आजच्या कात्रणात पुन्हा तो श्वान! 'मोतीनं काल लष्करी बूट चढवून मोर्चाचं नेतृत्व केलं. मुंबईवर बुटांच्या जोरावर राज्य करू पाहणाऱ्यांना ही सणसणीत चपराक आहे.'

मी दोनदा वाचलं. कर्नलची ही शुद्ध नक्कल आहे. कोणीतरी आमच्या गल्लीतून जाताना बूट पाहिले आणि आपल्या गावठी कुत्र्याला करून घातले. दौलतनंच जोड विकला असणार. जाब विचारायला हवा.

दिल्लीहून साहेबांचं पत्र आलं. कर्नलविषयी समाधान व्यक्त केलंय. खाली दुसरा परिच्छेद: वरिष्ठ आपली भाषांतरं वाचतात, या बूटवाल्या कुत्र्याचा मालक कोण हे शोधून काढावं, हा पोरकटपणा कोणाच्या डोक्यातून निघतो ते कळलं पाहिजे. चौकशी धैर्यवान यांच्याकडे, म्हणजे माझ्याकडे, सोपवावी.

माझ्यावर स्वतंत्र जबाबदारीचं काम येण्याची ही पहिलीच वेळ. रमाकांतनं पत्र वाचलं आणि मान खाली घालून खोकत राहिला. जळतोय.

गुरुवार, ३ मे

दौलतकडे गेलो होतो. बुटांचे तळ दहा दिवसांत झिजून भोकं पडली!

"हे कसलं चामडं?" मी म्हटलं.

"साहेब, चामडं म्हशीचं आहे. माणसाच्या चपलेला वर्ष जातं."

"मग?"

"मग काय? रोज गिरगाव ते फाउंटन, एक दिवसाआड लालबाग, आणि परवा तर शीवहून पायी. चामडं काय करणार?"

"कोण?"

दौलतनं माझ्याकडे पाहिलं, मग दाभणाकडे पाहिलं. "चामडं हो. चामडं फार फिरून येतं माझ्याकडे," म्हणाला, आणि दुप्पट जाड तळ लावून दिले. कारागीर लोक कधी कधी काय बोलतात त्यांचं त्यांनाच कळत नसावं.

सुनंदा हल्ली हळू चालते. जिन्यावर कठड्याला धरते. चपला तर जानेवारीपासूनच सोडल्यात, दुर्गाबाईंबरोबर कसलंसं व्रत घेतलंय म्हणाली. बायकांच्या व्रतांत मी पडत नाही. पंचेचाळिशी आली, गुडघे असतील. आज तिनं कोळंबी घालून भानोळं भाजलं होतं, चांगलं झालं होतं, पण वाढताना खाली बसली ती एकदम उठली नाही.

सोमवार, ७ मे

कर्नल बुटाचे बंद दातांनी सोडून पाय चाटतो. पाय क्रमांक एक, ओला. डॉक्टरांनी सांगितलं होतं, तोंड पायापर्यंत जाता कामा नये. पुठ्ठ्याचा शंकू केला तो त्यानं खाल्ला. शेवटी वडिलांच्या जुन्या ग्रामोफोनचा पितळी कर्णा माळ्यावरून काढला. अरुंद टोक दौलतनं कापून दिलं, कडेला चामडं शिवलं, गळ्यात पट्ट्यानं बसवला. तोंड कर्ण्याच्या आत, पाय बाहेर. आता चाट म्हणावं!

भुंकला की आवाज तिप्पट होतो. समोरच्या चाळीतून लोक बाहेर आले. त्यांनी टाळ्या का वाजवल्या ते समजलं नाही.

पट्टीचं लिंट संपलं. सोळा हात आणलं होतं. चार पायांना सोळा हात लिंट कसं लागतं?

गुरुवार, १० मे

'मुंबईचा आवाज दाबू पाहणाऱ्यांनो, ऐका! मोतीनं काल गळ्यात ध्वनिक्षेपक बांधून गर्जना केली.'

मी कात्री खाली ठेवली. पाणी प्यायलो. मग दुसरं दैनिक उघडलं, तर त्यात फोटो.

फोटो अस्पष्ट होता. कर्णा, बूट, कुत्रा. बाजूला दोर धरून एक बाई, पाठमोरी. तिच्या पातळाचा काठ सुनंदाच्या निळ्या पातळाच्या काठासारखा होता. तसे काठ हल्ली सर्रास मिळतात. केसांचा अंबाडाही तसाच. तसे अंबाडेही पुष्कळ बायका घालतात. मी तो फोटो बराच वेळ बघत होतो हे खरं आहे. मग मी त्याच्या पाठीला डिंक लावला.

रमाकांत उठून आला. हळूच म्हणाला, "श्यामकांत, डिंक जरा पुढूनही लाव की रे. फार स्पष्ट आलाय तो फोटो."

"पुढून डिंक लावतात का कधी?"

"मग शाई तरी सांडव."

माझ्या कामात खोट काढायला टपलेलाच असतो. फोटो मी नीट, सरळ चिकटवला. नंतर पाहतो तो त्यावर दौतभर शाई सांडलेली. रमाकांत म्हणाला, "अरेरे! हात लागला माझा." मी दौत उचलून माझ्या टेबलावर ठेवली.

सोमवार, १४ मे

चौकशीचा मसुदा तयार केला. सारांश असा, की ज्याची पावलं रक्ताळलेली आहेत, पण जो मैलोन् मैल चालतो, जो लष्करी बूट घालतो आणि ध्वनिक्षेपक बाळगतो, असा कुत्रा निसर्गतः संभवत नाही. सबब तो वृत्तपत्रांच्या कल्पनेतला आहे. मसुदा मला स्वतःला पटला. रात्री झोप मात्र आली नाही.

सकाळी कर्नलला 'कम हिअर' म्हटलं तर ढिम्म. सुनंदानं आतून काहीतरी हाक मारली, दोन अक्षरांची, तर धावत गेला. मी काय हाक मारलीस ते विचारलं नाही.

शुक्रवार, १८ मे

आज जे झालं ते क्रमानं लिहितो.

अकरा वाजता तार आली. साहेब दोन दिवस आधी, उद्या सकाळीच पोहोचतात आणि स्टेशनावरून थेट कर्नलला घ्यायला येतात. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी आलो. कर्णा काढायचा, पाय धुवायचे, अंगाला ब्रश करायचा. दाराला कुलूप. दुर्गाबाईंच्या दारालाही कुलूप. पोथी कुठे गेली?

दौलतसमोर जाऊन उभा राहिलो. त्यानं काम थांबवलं नाही. "वहिनी फाउंटनला गेल्या, साहेब. मोतीला घेऊन. आज मोठी तुकडी आहे," म्हणाला.

मला नवल वाटलं नाही. याचंच मला नवल वाटलं.

फाउंटनला पोहोचलो तर जमावबंदी मोडून शंभरएक माणसं रस्त्यावर, पुढे बायका, आणि त्यांच्या पुढे कर्ण्यासकट कर्नल. दोर सुनंदाच्या हातात. आमची सुनंदा, जिनं चोवीस वर्षांत माझ्यासमोर आवाज चढवला नाही, ती मूठ वर करून ओरडत होती, "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र..." आणि बाकीचं शंभर गळे पुरं करत होते.

माझ्या डोक्यात त्या वेळी महाराष्ट्र नव्हता. मी खोटं लिहिणार नाही. माझ्या डोक्यात ते चार पाय होते, तापलेल्या डांबरावरचे, आणि उद्याची सकाळ. मी गर्दीत घुसून ओरडलो, "कर्नल! कम हिअर!" कुत्र्यानं बघितलंसुद्धा नाही. दोनदा, तीनदा ओरडलो. शेवटी मी ओरडलो, "मोती!"

तो उसळला आणि माझ्या छातीवर दोन्ही पाय ठेवून उभा राहिला. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. दुर्गाबाई म्हणाल्या, "आले हो, शेवटी धैर्यवान आले!" इन्स्पेक्टर म्हणाला, "हा मालक काय? घ्या याला आधी." आणि मला गाडीत चढवलं. कुत्राही चढला. सुनंदा शेजारी येऊन बसली. तिचे डोळे भरले होते. मी कशासाठी आलो होतो ते तिला सांगायची हिंमत झाली नाही.

पोलिसांनी आम्हाला शीवच्या पुढे नेऊन उतरवलं आणि गाडी निघून गेली. दुपारचे दोन वाजले होते. सगळे पायी निघाले, जणू रोजचाच रस्ता. कर्नलच्या एका बुटाचा तळ गेला होता, म्हणून मी त्याला खांद्यावर घेतला. वजन मणभर असेल. कुत्र्यांची भीती केव्हा गेली होती कोण जाणे. उद्या हे पाय साहेबांच्या हातात द्यायचे आहेत, एवढंच मनाशी म्हणत होतो.

सुनंदा मागे पडत होती. दोनदा थांबावं लागलं. मी चिडून म्हणालो, "अगं, चल ना लौकर! पाय उचल जरा!"

दुर्गाबाई म्हणाल्या, "ओरडू नका हो तिच्यावर. पाय बघा तिचे."

पाहिलं. दोन्ही तळव्यांना लिंट गुंडाळलेलं, माझ्या पेटीतलं. ते डांबरानं काळं झालं होतं, आणि बाजूनं तांबडं दिसत होतं. ते मर्क्युरोक्रोम आहे असं मला वाटलं. सगळं तेच नव्हतं.

"हे कधीपासून?"

"कर्नलला झालं तेव्हापासूनच," ती म्हणाली. "तुमचं त्याला लावून झालं की उरलेलं मी लावत होते. गुण येतो हो त्या मलमानं. चालणं थांबत नाही म्हणून भरत नाही, एवढंच."

"सांगितलं का नाहीस?"

सांगायचं काय त्यात? रोज सकाळी ती कुत्र्याला मांडीवर घेऊन बसायची आणि मी भिंग लावून त्याचे पंजे बघायचो. तिचे पाय तिथेच होते, त्याच सतरंजीवर, माझ्यापासून हातभर अंतरावर. आणि भर रस्त्यात मी साहेबांच्या कुत्र्याला खांद्यावर घेतलं होतं आणि माझी बायको मागून अनवाणी येत होती.

मी कुत्र्याला खाली ठेवलं. तो शेपूट हलवत पुढे चालू लागला. रस्ता त्याला माझ्यापेक्षा चांगला ठाऊक होता.

मी बूट काढून तिच्यापुढे धरले. "नको," ती म्हणाली. "दुर्गाबाई घालत नाहीत तोवर मी घालणार नाही. ठरलंय आमचं." काढलेले बूट पुन्हा घालायची मला लाज वाटली, म्हणून हातात घेऊन चाललो. दादरपर्यंत मोज्यांना भोकं पडली. परळला मी "आई गं" म्हणालो, आणि सुनंदा खुदकन हसली. जानेवारीनंतर पहिल्यांदाच हसली असेल. भोईवाड्यातल्या बायकांनी पाणी दिलं, लालबागला चहा. दिवेलागणीला घरी पोहोचलो.

शनिवार, १९ मे

साहेब साडेआठला आले. "कर्नल!" म्हणाले. कर्नल हलला नाही. त्यांनी "शेक हँड" म्हटलं, तर त्यानं एकेक करून चारी पाय पुढे केले, कारण बूट चढवायची वेळ झाली असं त्याला वाटलं. साहेबांनी पंजे उलटून पाहिले. मग कोपऱ्यातला कर्णा पाहिला. मग बूट पाहिले. त्यांचा चेहरा बदलत गेला.

"धैर्यवान, त्या चौकशीचं काय झालं?"

मसुदा माझ्या खिशात होता. असा कुत्रा निसर्गतः संभवत नाही. सुनंदा स्वयंपाकघराच्या दाराआड उभी होती, तिच्या बांगड्या ऐकू येत होत्या.

"पूर्ण झाली साहेब," मी म्हटलं. "कुत्रा आपला आहे. माझी बायको नेत होती. घेऊन जा असं मीच सांगितलं होतं."

साहेब खुर्चीत बसले. दिल्लीत इतके दिवस ज्या कुत्र्यावर चर्चा झाली तो त्यांचाच निघाला, हे कोणत्या कागदावर लिहायचं? शेवटी म्हणाले, "लिहा. प्राण्याचा माग लागला नाही. प्रकरण बंद." मी लिहिलं, त्यांनी सही केली.

जाताना दारात थांबून म्हणाले, "यावर मी कारवाई करू शकत नाही, हे तुम्हाला कळतंय. पण ज्याला स्वतःच्या घरात काय चाललंय ते सात आठवडे दिसलं नाही, त्याला मी सुपरिंटेंडेंट कसा करू?"

त्यांचं म्हणणं बरोबर आहे. मला फार वाईट वाटलं. बावीस वर्षं झाली. खुर्ची रमाकांतला मिळेल.

कर्नल मोटारीत बसेना. सुनंदानं बसवला. मोटार वळेपर्यंत तो मागच्या काचेतून भुंकत होता, आणि समोरच्या चाळीतून कोणीतरी त्याला घोषणेनं उत्तर दिलं. साहेबांनी काच वर केलेली मी पाहिली.

रविवार, २० मे

सकाळी पाणी कोमट केलं. मीठ घातलं. मलम, लिंट, स्वच्छ पंचा, सगळं मांडून ठेवलं आणि सुनंदाला म्हटलं, "बस. पाय दे."

तिनं दोन्ही पाय लुगड्याखाली ओढून घेतले. "अगबाई! काहीतरीच काय? नवऱ्यानं पायांना हात लावायचा? नरकात जाईन मी."

"मी पायांना लावत नाही, औषधाला लावतोय."

"ते काही नाही. द्या इकडे, माझं मी करते."

मी बाजूला झालो. तिनं पाय उलटा करून बघायचा प्रयत्न केला. गुडघा वळेना, तळवा दिसेना. अंदाजानं कापूस लावला तो भलतीकडेच लागला. एवढे दिवस ती हे असंच करत आली होती.

"कुत्र्याला मी रोज लावत होतो," मी म्हटलं.

"तो कुत्रा होता. तुम्ही माझे नवरे आहात."

मी पाण्यात बोट घालून पाहिलं. मग म्हणालो, "सुनंदा, परवा मी तुमच्यात यायला म्हणून आलो नव्हतो. मी कुत्र्यासाठी आलो होतो."

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली. "इंग्रजीतून हाका मारत होतात."

"मग गाडीत रडलीस का?"

"कर्नल म्हटल्यावर तो आला नाही, तेव्हा तुम्हाला परत जाता आलं असतं. तुम्ही मोती म्हणालात. सगळ्यांसमोर. नोकरी असताना." तिनं कापूस खाली ठेवला. "तुम्हाला ठाऊक होतं ना हो?"

मी मान हलवली. ठाऊक होतं. फोटोला डिंक लावला त्या दिवसापासून, कदाचित त्याच्याही आधीपासून. उद्या दुपारी ती पुन्हा फाउंटनला जाणार आहे, हेही मला ठाऊक आहे, आणि मी तिला थांबवणार नाही. पण ते पाय असे घेऊन तिनं जाऊ नये.

"पाणी गार होतंय," मी म्हटलं.

सुनंदानं उठून दाराला कडी घातली. परत येऊन पाटावर बसली, पदरानं तोंड झाकून घेतलं, अगदी डोळेसुद्धा, आणि उजवा पाय माझ्यापुढे केला.